ब्रेकवरचा डावा पाय

माझा मुलगा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. त्याच्या वर्गातलं पहिलं वाक्य मला तोंडपाठ आहे, कारण वर्ग खाली भरतो आणि माझी खोली बरोबर त्याच्या डोक्यावर आहे. "ऑटोमॅटिक गाडीत डावा पाय झोपवायचा. त्याला उठू द्यायचं नाही." मग वर्गातली पोरं हसतात. माझा डावा पाय मात्र कित्येक वर्षं जागा आहे, आणि त्याच्या जिवावर चालवलेल्या गाडीनं कुणाला साधा ओरखडा काढलेला नाही. ही फुशारकी नाही. बरं, फुशारकीच आहे. खरी असली तर मारायला काय हरकत?

ही ड्रायव्हिंग स्कूल आम्ही नवरा-बायकोनं काढली. मी स्वतः शाळेत चौथीपलीकडे टिकले नाही, पण काढलेली शाळा अजून टिकून आहे. आमचे हे पुरुषांना शिकवायचे, मी बायकांना. तेव्हाच्या आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूला, म्हणजे डावीकडच्या सीटपुढे, एक जादा ब्रेक बसवलेला होता. नुसता ब्रेक. मिस्त्रीनं तो जागा सापडली तिथं, पार कोपऱ्यात बसवला होता, त्यामुळे तो दाबायचा तर डाव्या पायानंच. शिकायला येणाऱ्या बायका आधीच घाबरलेल्या. मी जरा जोरात ब्रेक दाबला की स्टेअरिंग सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकायच्या. मग मी असा दाबायला शिकले की बाईला वाटावं, गाडी आपणच थांबवली. "बघा, किती छान थांबवलीत!" असं मी म्हणायचे. माझ्या डाव्या पायानं किती बायकांना हुशार केलं, त्याला हिशेब नाही.

पुढे जिन्यावरून पडले आणि उजवा घोटा मोडला. पट्ट्या घातल्या, स्क्रू घातले. आता हा पाय खाली दाबला जातो, पण उचलून बाजूला न्यायचा म्हटलं की गंजलेल्या बिजागरीसारखा अडतो. म्हणून मी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, दोनच पेडलं. उजव्या पायानं गाडी पळवायची, डाव्यानं थांबवायची. दोन पाय, दोन कामं, कुणाचं कुणाशी भांडण नाही. आमच्या घरातल्या माणसांबद्दल एवढं म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

आणि याचे नियम असतात. डावी टाच जमिनीला टेकलेली हवी. पाय ब्रेकवर ठेवून बसायचं नाही, नाहीतर मागचे लाल दिवे पेटत राहतात आणि मागचा माणूस बावचळतो. दोन्ही पेडलं एकदम दाबायची नाहीत. एवढं पाळलं की झालं. पण माझ्या मुलाला शिकवायला कोण जाणार? त्याला सगळे सर म्हणतात. मीही म्हणते, त्याला राग येतो म्हणून.

सरांनी शाळा हातात घेतल्यावर नव्या गाड्या आणल्या. त्यात शिकवणाऱ्याच्या बाजूला ब्रेकही आणि क्लचही. म्हणजे सरांचा उजवा पाय ब्रेकवर, डावा क्लचवर. दिवसभर तेच. क्लच हा प्रकार असा, की दाबला की एका दमात तळापर्यंत. तिथं हलक्या पायाला कुणी विचारत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरूनच झालं.

एके दिवशी त्याच्या वर्गातली एक मुलगी मला बाजारात भेटली. हातात पिशव्या, घामानं डबडबलेली. म्हटलं, बस, सोडते. ती माझ्या शेजारी बसली आणि तिची नजर गेली माझ्या पायांकडे. दुसऱ्या दिवशी झोपलेल्या पायाचं प्रवचन सुरू झालं तशी खालून तिचा आवाज आला, "सर, पण तुमच्या आई तर डाव्या पायानं ब्रेक मारतात!" वर्ग असा हसला की माझ्या खोलीच्या फरशीला कंप सुटला. मीही हसले. सर नाही हसले.

वर्ग सुटल्यावर तो जिना चढून आला आणि दारातच उभा राहिला.

"आई, किल्ली दे."

"कसली?"

"गाडीची. बास झालं आता. तुझं वय झालंय."

"वय काल झालं का रे? परवापर्यंत माझ्याच गाडीतून बायकोला माहेरी सोडून यायला सांगत होतास."

"विषय वयाचा नाही."

"आत्ता तूच म्हणालास."

"विषय पद्धतीचा आहे. मी खाली एक शिकवतो, तू रस्त्यावर दुसरं करतेस. माझं हसं होतं."

"मग पद्धत चुकीची आहे की हसं होतंय? एक काहीतरी ठरव."

सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती आमच्या दोघांच्या मधून अशी सरकली, जसं वाहत्या रस्त्यातून माणूस सरकतं. आल्या दिवसापासून तिला हे जमलेलं आहे. कुणाचीच बाजू घ्यायची नाही आणि कुणाच्या अंगावर पाणीही सांडायचं नाही.

माझ्यासाठी ती किल्ली म्हणजे काय होतं, ते सांगते. घर माझं आहे, पण घरातला टीव्ही कधी लावायचा ते मी ठरवत नाही. दवाखान्यात जायचं झालं तर "रविवारी बघू". बहिणीकडे जायचं झालं तर "काय काम आहे तिथं?" किल्ली हातात असली की मला कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. निघते म्हणायचं आणि निघायचं. उरलेल्या आयुष्यात माझ्या मर्जीचं एवढं एकच काम शिल्लक होतं. ते मी का सोडू?

शेवटी मीच म्हटलं, "माझी परीक्षा घे. नापास झाले तर किल्ली तुझी."

सरांचा चेहरा उजळला. परीक्षा म्हटलं की त्याला फार बरं वाटतं.

शाळेचं एक मोकळं मैदान आहे. कडेनं जुने टायर मांडलेले, मधे चुन्याच्या रेघा. रविवारी सकाळी आम्ही तिघं तिथं गेलो. मी चालवायला, सर शेजारी, सूनबाई मागे. आमचे हे असताना एक परीक्षा घ्यायचे: स्टीलचा पेला काठोकाठ भरून डॅशबोर्डवर ठेवायचा आणि गाडी थांबवून दाखवायची. सरांनी तसाच पेला भरून ठेवला. बापाची एवढी एकच गोष्ट त्यानं उचलली, तीही आईला नापास करायला.

"पुढे घे. वेग वाढव. आणखी. आता थांब!"

थांबले. पेल्यातलं पाणी काठाला लागलं आणि मागे आलं. डॅशबोर्ड कोरडा.

"उलटी घे. थांब!"

कोरडा.

"वळणावर थांब!"

कोरडा. मागून सूनबाईच्या तोंडून "वा आई!" निघून गेलं आणि लगेच तिनं तोंड मिटलं. मी आरशात बघितलं. बिचारी बाहेर टायर बघत होती.

मी गाडी उभी केली. "झाले का पास, सर?"

त्यानं पेला उचलला, गटागटा पाणी प्यायला आणि म्हणाला, "प्रश्न तुला जमतं की नाही हा नाहीच. पद्धतच धोक्याची आहे. डावा पाय ब्रेकला चालतच नाही."

"माझा चालला की."

"नशीब म्हण."

"तीनदा नशीब? मग तूच चालवून दाखव. तुझा पाय काय सोन्याचा आहे?"

हे मी टोचून बोलले, मान्य. पण टोचलं म्हणून चालवणाऱ्याच्या जागी बसायला मी त्याला धरून नेलं नव्हतं. तो स्वतः उतरला, वळसा घालून आला आणि मला म्हणाला, "उठ. दाखवतोच तुला." मी त्याच्या जागी बसले आणि पट्टा लावला. "डावी टाच खाली टेकव," मी म्हटलं. "आणि जपून. तुझ्या पायाला क्लचची सवय आहे."

"आई, मी शिकवतो लोकांना."

गाडी सुटली. चांगला वेग घेतला. सूनबाईनं मागून विचारलं, "पेला खाली पडलाय, उचलू का?" आणि पट्टा काढून ती दोन सीटच्या मधे वाकली. त्याच क्षणी सरांनी डावा पाय उचलला आणि ब्रेकवर मारला. दाबला नाही, मारला. क्लच मारावा तसा, एका दमात, तळापर्यंत.

गाडी जागच्या जागी खिळली. माझ्या पट्ट्यानं माझी बरगडी धरली. सूनबाईला धरायला काहीच नव्हतं. गिअरच्या दांड्यावर तोंड आपटल्याचा जो आवाज आला, तो मी लिहून सांगू शकत नाही. ती वर आली तेव्हा खालचा ओठ मधोमध फाटला होता, आणि पुढचा दात कुठं आहे हे ती जिभेनं शोधत होती.

सर स्टेअरिंग धरून बसले होते. पाय अजून ब्रेकवरच. "अरे पाय काढ आणि दवाखाना गाठ!" मी ओरडले. तेव्हा कुठं तो हलला, आणि उजव्या पायानं गाडी चालवत आम्हाला दवाखान्यात घेऊन गेला.

तिथं डॉक्टरीणबाईंनी सूनबाईचं तोंड उघडून बघितलं आणि विचारलं, "कसं झालं हे? गाडी कोण चालवत होतं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर म्हणाले, "आई."

मला वाटलं मला हाक मारली. मी म्हटलं, "काय रे?"

"आई चालवत होती," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "डाव्या पायानं ब्रेक मारते. किती वेळा सांगितलं, ऐकतच नाही."

"खोटं बोलतोय हा! हाच चालवत होता. मी शेजारी होते."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या मायेनं त्या हातानं मला कधी धरलं नव्हतं. "धक्का बसलाय तिला," तो हळूच म्हणाला. "असू दे आई. तू मुद्दाम केलंस का?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडे जसं बघत होत्या ना, तसं मी स्वतः कित्येक म्हाताऱ्यांकडे बघितलेलं आहे. त्यांनी सूनबाईला विचारलं, "सासूबाई चालवत होत्या का?" सूनबाईच्या तोंडात कापसाचा बोळा होता. बोलता येत नव्हतं, पण मान तर मोकळी होती. ती तिनं आधी नवऱ्याकडे वळवली, मग होकारार्थी हलवली.

घरी आलो. बातमी आमच्या आधी पोचलेली. शेजारीण आली, नणंद आली. मी प्रत्येकीला सांगितलं, तो चालवत होता. नणंद माझा हात थोपटत म्हणाली, "होतं वहिनी, वयानं होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

"वन्सं, मी खरं सांगतेय."

"हो हो, तुम्हाला तसंच वाटत असणार."

"अहो, वाटत नाही, झालंय!"

"पण वहिनी, डाव्या पायानं ब्रेक तुम्हीच मारता ना? तो कशाला मारेल? तो तर सर आहे."

सगळ्या गावाला ठाऊक होतं की डावा पाय माझा. मैदानात एका क्षणापुरता तो त्यानं उसना घेतला होता, हे कुणाच्या डोक्यात शिरणार? ज्या पायाचा मला तोरा होता, त्याच पायानं माझ्याविरुद्ध साक्ष दिली.

ओठाची सूज उतरल्यावर सूनबाई माझ्या खोलीत आली. दार लोटून घेतलं. पलंगाच्या कडेला बसून साडीच्या पदराशी खेळत राहिली.

"बोल," मी म्हटलं. "आता बोळा नाहीये तोंडात."

"आई, त्यांचं नाव आहे. शिकवणाऱ्यानंच बायकोचं तोंड फोडलं असं झालं तर वर्गाला कोण येईल?"

"आणि माझं नाव नाही?"

ती म्हणाली, "तुम्ही मोठ्या आहात. तुम्हाला लोक माफ करतील. त्यांना नाही करणार."

"मला माफी कशाची गं? मी काय केलं?"

"काही नाही," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"मला सांगू नकोस. मलाही माहीत आहे. खाली जाऊन सांग."

ती उठली आणि खाली गेली. मी कान देऊन बसले. खालून भांड्यांचा आवाज आला, बाकी काही नाही.

संध्याकाळी सर वर आले. यावेळी आत येऊन खुर्चीवर बसले. "किल्ली, आई."

"देते," मी म्हटलं. "एका अटीवर. इथं कुणी नाही. वर्ग नाही, डॉक्टर नाही, बायको नाही. माझ्या तोंडावर एकदा सांग, गाडी कोण चालवत होतं. तेवढं सांग आणि किल्ली घेऊन जा. खाली काय सांगायचं ते सांग लोकांना, मी हूं की चूं करणार नाही."

मला खरंच वाटलं होतं की तो सांगेल. फुकटात सुटत होता. मान खाली घालून "मी" म्हणायचं, एक अक्षर. लहानपणी काच फोडली तरी धावत येऊन सांगणारा हा मुलगा होता.

त्यानं मान खाली घातली नाही. माझ्या डोळ्यांत सरळ बघत म्हणाला, "तू चालवत होतीस, आई."

डोळे फिरले नाहीत, आवाज हलला नाही. तेव्हा मला कळलं, की हा आता खोटं बोलत नाहीये. इतक्या लोकांना सांगून सांगून त्यानं स्वतःलाही पटवलं होतं. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. याच्याशी काय भांडणार?

"मग किल्ली नाही," मी म्हटलं. "आणि उद्या मी गाडी काढणार. अडवून बघ."

तो उठून गेला.

सकाळी मी तयार होऊन खाली उतरले. गाडीत बसले, आरसे लावले, पट्टा लावला. रस्त्यावर नेहमीची वर्दळ सुरू झाली होती. समोरचा शिंपी दुकान उघडत होता, वर्गाला आलेली दोन-चार मुलं भिंतीला टेकून उभी होती. मी गाडी चालू केली आणि फाटकापाशी आणली. फाटक बंद. आणि फाटकाच्या आत, माझ्या बॉनेटसमोर, सूनबाई उभी. सर नाही. स्वतः यायची हिंमत नव्हती, म्हणून तिला उभं केलं होतं.

मी काच खाली केली. "बाजूला हो आणि फाटक उघड."

"आई, नका ना जाऊ."

"तुला पाठवलंय ना त्यानं?"

शिंपी कुलूप हातात धरून बघत राहिला. मुलं भिंतीपासून पुढे सरकली.

"तुला तर माहीत आहे," मी म्हटलं, आणि मोठ्यानं म्हटलं, रस्त्यावर ऐकू जाईल असं. "कोण चालवत होतं ते तुला माहीत आहे. मग कशाला अडवतेस?"

तिच्या ओठावर टाके होते, काळे, मुंगळ्यांसारखे. मी गाडी तिच्यापासून बरीच लांब उभी केली होती. ब्रेक दाबलेला होता. तिला जरा नीट दिसावं, तिच्याशी नीट बोलता यावं, म्हणून मी ब्रेक किंचित सैल केला. गाडी वीतभर पुढे आली आणि थांबली. पेल्यातलं पाणी हललं नसतं, इतकी अलगद.

सूनबाई किंचाळली. दोन्ही हातांनी तोंड झाकून ती मागे फाटकावर जाऊन आदळली. नाटक नव्हतं ते. नाटक मला कळतं, घरात रोज बघते. बोटांच्या फटीतून ती ज्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती, त्या डोळ्यांत नवऱ्याची भीती नव्हती. माझी होती. मी तिला चिरडीन, असं तिला खरोखर वाटलं होतं.

सगळ्या जगाला खोटं माहीत होतं आणि तिला एकटीला खरं. आणि तीच घाबरली.

मी गाडी बंद केली. मुलाला, नणंदेला, डॉक्टरीणबाईंना मी पुरून उरले असते. त्या डोळ्यांपुढे गाडी चालवायची माझी छाती झाली नाही. उतरले. उजवा पाय नेहमीसारखा अडला, तो हातानं उचलून बाहेर ठेवला. फाटकापाशी गेले आणि तिच्या तोंडावरचा एक हात ओढून त्यात किल्ली ठेवली.

"घे. त्याला दे."

तिनं मूठ मिटली. माझ्या मागे शिंपी मुलांना म्हणत होता, "चांगलं झालं. थोडक्यात वाचली बाई." मी वळून त्याला चार शब्द सुनवणार होते. पण काय सुनवणार? जिना चढून वर आले. खाली वर्ग सुरू झाला होता.